चादरीची दुसरी बाजू

मास्तरांना कुशीवर वळवायचं होतं. एक अंग लुळं पडल्यापासून त्यांना स्वतःहून वळता येत नव्हतं, त्यामुळे त्यांची चादर ते पलंगावर असतानाच बदलावी लागे, आणि ते काम एकटीचं नव्हे. खिडकीच्या बाजूला थोरली उभी होती, दाराच्या बाजूला धाकटी. एकीने मास्तरांना आपल्याकडे वळवून अंगाशी धरून ठेवायचं. दुसरीने जुनी चादर गुंडाळत त्यांच्या पाठीपर्यंत आणायची, तिच्या लगत नवी अंथरायची, मेणकापड सारखं करायचं. मग त्यांना त्या गुंडाळीवरून पलीकडच्या हातांत द्यायचं. दोघी जावा होत्या आणि एकाच वॉर्डात नर्स होत्या. इतक्या वर्षांत इतक्या माणसांना त्यांनी असं एकमेकींच्या हातांत दिलं होतं की तोंडाने काही बोलावं लागत नसे. थोरलीचा खांदा किंचित मागे गेला की धाकटीचे हात उचलत. आजही मास्तर थोरलीकडे वळले, त्यांचं कपाळ तिच्या गणवेशाच्या बटणांना टेकलं, आणि पाठीमागून चादरीची सळ काढता काढता धाकटी म्हणाली, "ताई, एम.एस्सी.चा अर्ज मी पण भरलाय हं. काल संध्याकाळी. म्हटलं, तुम्हाला आधी सांगावं."

खिडकीबाहेर कुणीतरी मोटार मागे घेत होतं, तिचा टुंटुं आवाज येत होता, आणि तो थांबेपर्यंत आपण उत्तर दिलं नाही तरी चालेल असं थोरलीला वाटलं.

"अहो सिस्टर," मास्तर तिच्या बटणांत तोंड ठेवून म्हणाले, "तो खांदा माझा आहे. जरा सैल सोडा."

"लागलं का हो? चुकलं माझं."

"लागलं नाही. पण दोघींच्या मध्ये सापडलेल्या माणसाने आपण जिवंत आहोत हे मधून मधून सांगितलेलं बरं."

धाकटी हसली. तिचं हसू नेहमी आधी नाकातून निघे आणि मग तोंडात येई. थोरलीही हसली. मास्तरांना पलीकडे देताना आपले हात नेहमीसारखेच चालले हे तिने पाहिलं, आणि तिला त्याचं नवल वाटलं. "छान केलंस की," ती म्हणाली. "भरायलाच हवा होता." मग तिने चादरीचा कोपरा गादीखाली इतका घट्ट खोचला की बोटांची नखं पांढरी झाली.

धाकटीला या घरात आणली कुणी? हा प्रश्न थोरलीने त्या दिवशी स्वतःला किती वेळा विचारला असेल. ती वॉर्डात नवी आली तेव्हा सलाइनची बाटली टांगताना हात वर करायलाही लाजायची. थोरलीने तिला सगळं दाखवलं: हात रुग्णाच्या अंगाला लावण्याआधी चोळून कोमट कसे करायचे, झोपलेल्याला उठवून औषध देताना आधी नाव कसं घ्यायचं, नातेवाईक ओरडायला लागले की आपला आवाज कसा खाली आणायचा. पोरीच्या हाताला गुण होता. पाण्यात पाणी मिसळावं तसं दाखवलेलं तिच्यात मिसळून जायचं. धाकट्या दिरासाठी मुली पाहणं चाललं होतं, तेव्हा थोरलीच म्हणाली होती, "उगाच लांब कशाला शोधता? माझ्या हाताखालची आहे, डोळे झाकून करा." सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "तुझ्या हाताखालची म्हणजे घरात दुसरी तूच आली म्हणायची." त्या वाक्याने ती केवढी फुलली होती! कितीतरी दिवस ते वाक्य तिने मनात जपून ठेवलं होतं. आता तेच वाक्य उघडून बघितलं, तर आत काहीतरी कुबट निघालं. दुसरी तूच. म्हणजे नवी, कोरी, चुका न केलेली, कुणाची बाळंतपणं न काढलेली तू. अशी दुसरी मिळाल्यावर पहिलीचं काय करतात?

वर्गासमोर उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगितली की ती फार लहान वाटली असती. पुढची पदवी घेतली की शिकवता येतं. एक वर्ग असावा, त्यात गणवेशाची घडीही नीट न बसलेल्या मुली असाव्यात, आणि फळ्याकडे पाठ करून आपण म्हणावं, "पुस्तक मिटा आणि आधी आपापले हात बघा." पुढचं वाक्य तिने कधी ठरवलं नव्हतं, तिथे पोहोचलो की आपोआप सुचेल, असं तिला वाटे. पण एका वर्षी नणंदेचं बाळंतपण आलं, एका वर्षी सासऱ्यांचं अंथरूण, एका वर्षी मुलाची परीक्षा. प्रत्येक वेळी तिने अर्जाची तारीख शांतपणे जाऊ दिली. तिकीट नसलेल्या माणसाने गाडी जाऊ द्यावी तशी. रुग्णालय दर वर्षी एकाच नर्सला भरपगारी रजा देऊन शिकायला पाठवतं, आणि त्यालाही वयाची अट आहे. मेट्रनने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तुझं हे शेवटचं वर्ष बरं का. या खेपेला नाही भरलास तर मीच तुझ्या नावाने भरीन." तेव्हा धाकटी तिच्या शेजारीच बसली होती. ऐकत होती. मान डोलवत होती.

घरी रात्रीच्या जेवणावर धाकटीनेच विषय काढला. तिला काही झाकून ठेवता येत नसे, हाही तिचा एक गुण, आणि थोरलीला आता तिच्या गुणांचीच मोजदाद करायची सवय लागली होती. सासूबाई म्हणाल्या, "दोघींनी एकाच जागेसाठी? हे कसलं बाई?" थोरलीचा नवरा घास गिळून म्हणाला, "त्यात काय? कुणालाही मिळालं तरी घरातच राहिलं ना." सगळ्यांना ते पटलं. दिराने तर "वा दादा" म्हटलं. मिळालं तरी घरातच. जणू घराबाहेर कुणाचं काही असतच नाही, आणि घरात जे असतं ते धान्यासारखं एका कणगीत ओतलेलं असतं. नंतर थोरली भांडी विसळत असताना नवरा मागे येऊन उभा राहिला.

"तुला वाईट वाटलं का?"

"मला कशाला वाईट वाटेल?"

"नाही, पातेली जरा जोरात लागतायत."

"पातेल्यांना विचारा मग."

तो हसला आणि गेला. त्याला तिच्याबद्दल कधी काळजी वाटत नसे. ती त्याला भिंतीसारखी वाटे, आणि भिंतीला बरं आहे का असं कुणी रोज विचारत नाही.

रोज सकाळी आंघोळ झाली की ती डोळे मिटून देवापुढे बसे. मागणं काही नसे, फक्त एकेकाचं नाव घ्यायचं: सासूबाई, नवरा, मुलगा, दीर, मग धाकटी, मग वॉर्डातल्या ज्यांचं जास्त दुखत असेल ते. लहानपणी आईने लावलेला नेम होता. तापातही मोडलेला नव्हता. आता दिराचं नाव घेऊन धाकटीच्या नावापाशी आलं की जीभ अडखळायची. नाव घ्यावं तर ते मनापासून नाही, न घ्यावं तर ते राहिल्याचं सारखं कळायचं. शेवटी ती "आणि घरातले सगळे" असं म्हणायला लागली. देवाला असं घाऊकमध्ये चालतं का, असा एकदा विचार आला, आणि तो विचार इतका बाजारी होता की तिला डोळे उघडायची लाज वाटली. चोरी तिने केली नव्हती, खोटं ती बोलत नव्हती, कुणाचं वाईट व्हावं असं तिने एकदाही शब्दांत म्हटलं नव्हतं. पण मनाच्या आत जे शब्दांशिवाय चालतं त्याचं काय? अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीला वरून कातडी धड दिसावी आणि खाली मांस नासत जावं, तसं. त्या जखमा तिला बोट लावताच कळत. आता बोट कुठे लावायचं ते कळत नव्हतं.

निवडीच्या परीक्षेसाठी धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं पसरून अभ्यासाला बसायची आणि मोठ्याने वाचायची. थोरली आपल्या खोलीत दार लोटून वाचायची. भिंतीतून धाकटीचा आवाज यायचा, वाक्य अडलं की थांबायचा, आणि मग "ताई, हे जरा सांगता का?" अशी हाक. थोरली जायची. सांगायची. सांगताना तिच्यातली शिकवणारी जागी व्हायची, हात हलायला लागायचे, आवाजात रंग यायचा. आणि खोलीत परत आल्यावर कळायचं की आपण आपल्याच ताटातलं वाढून आलो. पण वाढताना जे सुख झालं ते खोटं नव्हतं, आणि हेच तिला सगळ्यात जास्त झोंबायचं. माणूस आपल्या वैऱ्याला शिकवताना इतका आनंदी कसा होऊ शकतो? शिवाय वैरी म्हणावं असं त्या मुलीने केलं तरी काय होतं? तिने थोरलीसाठी चहा झाकून ठेवला होता. तिच्या मुलाच्या सदऱ्याचं बटण लावून दिलं होतं. मत्सर करायचा तर समोरच्याने थोडीतरी मदत करावी; ही काही करत नव्हती.

एका दुपारी धाकटी मास्तरांना औषध देत होती आणि थोरली पडद्याच्या पलीकडे होती. "घाबरू नका, मी आहे ना," असं धाकटी म्हणाली. ते वाक्य थोरलीचं होतं. 'मी'वर थांबायचं आणि 'आहे ना' हळूच सोडायचं, ही ढबसुद्धा तिची. जिवंतपणी आपलं सामान कुणीतरी वापरताना पाहावं तसं तिला झालं. नंतर ती मास्तरांपाशी गेली तेव्हा ते म्हणाले, "तुम्हा दोघींचा आवाज अगदी सारखा. डोळे मिटले की कोण आलंय कळत नाही."

"मग ओळखता कसं?"

"ती जरा हसते बोलताना." मास्तरांनी तोंडाच्या चांगल्या बाजूने हसून दाखवलं. "तुम्ही हल्ली हसत नाही."

निवडीच्या दिवशी दोघी एकाच बसने गेल्या. परीक्षा नर्सिंग महाविद्यालयात होती. इमारत जुनी होती, पण दारं-खिडक्यांना नवा रंग दिलेला, आणि त्या रंगाचा नि फिनेलचा वास मिळून घशाशी येत होता. आडनावाप्रमाणे पुकारत होते. एकाच घरातल्या सुना, एकच आडनाव, म्हणून लागोपाठची नावं. प्रात्यक्षिकाला जोड्यांनी बोलावलं तेव्हा दोघींची जोडी लागली. बाकावरच्या एक-दोघी हसल्या. "बहिणी का?" कुणीतरी विचारलं. "जावा," धाकटी अभिमानाने म्हणाली. "शिवाय मी यांचीच विद्यार्थिनी."

आत पलंगावर एक विद्यार्थिनी रुग्ण म्हणून निजली होती. अंग सैल सोडून, डोळे मिटून. डोक्यावर चष्मा सरकवलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, "समजा, अर्धांगाचा रुग्ण आहे. वर सरकवायचं आहे आणि वळवायचं आहे. मला दोघींचं काम एकत्र बघायचंय." थोरली खिडकीच्या बाजूला गेली, धाकटी दुसऱ्या. दोघींनी पाठीखाली हात घातले. त्या क्षणी थोरलीला सगळं फार स्पष्ट दिसत होतं: चादरीवरची निळी रेघ, त्या मुलीच्या पापण्यांची थरथर, धाकटीच्या कपाळावर चिकटलेली केसांची बट. आणि धाकटीची नजर, तिच्या खांद्याकडे लागलेली. तिला मोजून सांगायची गरज नव्हती. खांदा मागे गेला की ती उचलणार. एवढा भरवसा कुणी कुणावर ठेवू नये.

थोरलीने खांदा मागे नेला आणि हात उचलले नाहीत.

झालं ते एवढंच. अर्ध्या श्वासाचं काम. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही दिसलं नसतं. दिसलं असतं ते इतकंच की धाकटीने एकटीने घाईने ओढलं, रुग्ण वेडावाकडा सरकला आणि कळवळला. तिने हे ठरवलं होतं का? नंतर तिने स्वतःला अनेकदा विचारलं. ठरवलं नव्हतं असं म्हणायला तिची जीभ धजत नव्हती.

पण धाकटीने ओढलं नाही. तिचे हात उचलायला निघाले आणि जागीच थांबले. तळवे त्या मुलीच्या पाठीखाली सपाट ठेवून तिने वर पाहिलं. "ताई, थांबते मी. बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"का थांबलात?" परीक्षक बाईंनी चष्मा खाली ओढला.

"यांचा भार अजून आला नव्हता, मॅडम. एकटीने ओढलं असतं तर पेशंटच्या कातडीला घासलं असतं."

बाईंनी मान हलवली. "बरोबर. दुसरा हात लागल्याशिवाय हलवायचं नाही. बहुतेकजणी इथेच चुकतात." आणि त्या काहीतरी लिहायला वळल्या. दुसऱ्या एका बाईंनी थोरलीला खुर्ची दिली, पाण्याचा पेला दिला. ती खुर्चीवर बसून पाणी प्यायली, रुग्णासारखी, पेला दोन्ही हातांनी धरून. मग त्यांनी सगळं पुन्हा केलं, आणि या वेळी सगळं नीट झालं. पण नीट झालेलं कुणी लिहून घेत नव्हतं. जिचा पाय ओढायला गेलो तिला आपणच उचलून वर ठेवलं, हे तिला पाणी गिळता गिळताच कळलं होतं.

परतीच्या बसमध्ये धाकटीने संत्रं सोललं. अर्धं थोरलीच्या तळहातावर ठेवलं. "सकाळपासून तुमचा चेहरा उतरला होता. मला वाटलंच होतं." थोरलीने त्या आवाजात टोमणा शोधला, जाड दंडात शीर शोधावी तसा, दाबून दाबून, परत परत. सापडला नाही. हिला कळलंय का? कळून ही संत्रं देते आहे का? कळलं असेल तर ही माझ्याहून फार मोठी, नसेल कळलं तर फार निर्मळ. आणि दोन्हींपैकी काय जास्त सहन होणार नाही, हे तिला ठरवता येईना. तिने संत्रं खाल्लं. ते गोड निघालं.

निकाल मेट्रनने खोलीत बोलावून सांगितला. धाकटी पहिली, थोरली तिच्या खालोखाल, प्रतीक्षेत. "ती गेली नाही तर जागा तुझी," मेट्रन म्हणाली, आणि कपाळ चोळत पुढे म्हणाली, "आता घरातलं घरात काय ते ठरवा बाई. मला कात्रीत धरू नका."

दुसऱ्या दिवशी सुटी होती. दुपारच्या चहाला सगळे टेबलाभोवती होते. धाकटी बसली नाही; ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मी नाव काढून घेते. ताईंचं हे शेवटचं वर्ष आहे. मला काय, पुढे आहेच."

दिराने कपातून डोळे वर केले नाहीत. म्हणजे त्याच्याशी आधीच बोलणं झालेलं होतं. सासूबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. आणि थोरलीपुढे सगळं उघडं ठेवलेलं होतं. नुसतं गप्प राहायचा अवकाश. वर्ग, फळा, त्या मुली. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्यात तिला तो वर्ग खरोखर दिसला. पण प्रत्येक बाकामागे धाकटी उभी होती, ओट्याला टेकून, कपाळावर बट. उद्या कुणीही विचारलं, तर सगळे सांगणार: धाकटीने सोडली म्हणून थोरली शिकली. सासूबाई सांगतील, दीर सांगेल, आपला मुलगा सांगेल. प्रत्येक जेवणाच्या वेळी त्या मुलीचा चांगुलपणा टेबलावर मांडलेला असेल, आणि आपल्याला तो वाढून घ्यावा लागेल. हुशारी तिची, नंबर तिचा, आणि आता त्यागही तिचाच? काहीतरी इथे उरलं पाहिजे की नाही माणसाला? नको. जागा नको, पण हे तिला मिळू द्यायचं नाही.

"काही काढायचं नाही," थोरली म्हणाली. आवाज इतका शांत आला की तिचा तिलाच परका वाटला. "परीक्षा तू दिलीस, पहिली तू आलीस. तूच जायचंस."

"पण ताई..."

"मी सांगते ना. पुन्हा हा विषय नको."

मग सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "इतकी वर्षं झाली मला या घरात," त्या म्हणाल्या, "पण एवढं मोठं मन मी कुणाचं पाहिलं नाही बाई. आपल्या तोंडचा घास काढून दिलास." नवरा तिच्याकडे असा बघत होता, जणू रोजच्या भिंतीत आज त्याला एक खिडकी दिसली. दीर उठून उभा राहिला, "वहिनी, तुम्ही..." म्हणाला. धाकटीचं अभिनंदन करायचं सगळेच विसरले होते.

थोरलीने वळून तिच्याकडे पाहिलं. धाकटी हसत होती. पण ते हसू नाकातून आलेलं नव्हतं, ते नुसतं ओठांवर धरून ठेवलेलं होतं, आणि जरा जास्त वेळ. ती सासूबाईंच्या पदराकडे पाहत होती. तिने काहीतरी द्यायला आणलं होतं, ते तिच्या हातातून काढून घेऊन दुसरीच्या नावावर जमा झालं होतं, आणि जागा मिळूनही ती तिथे रिकाम्या हातांनी उभी होती. तिच्या डोळ्यांत जे आलं ते थोरलीने एका दृष्टीत ओळखलं. ज्याला एकदा तो आजार होऊन गेला आहे, त्याला दुसऱ्याच्या अंगावरचा पहिला पुरळही कळतो.

ती उठली. चहाची किटली घेतली आणि आधी धाकटीचा कप भरला, काठोकाठ. "बस," ती मायेने म्हणाली, "उभी का?" तिचा हात जराही हलत नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला आतून बरं वाटत होतं. अंगातून ताप उतरावा तसं, अगदी बोटांच्या टोकांपर्यंत बरं. आणि आपल्याला बरं कशाने वाटतंय हे लक्षात आलं, तेव्हा किटली खाली ठेवायची सोडून ती तशीच उभी राहिली, सगळ्यांच्या कौतुकाच्या नजरांमध्ये, भेदरलेली.